बाई आत आल्या की

लान्वादेगच्या वेशीवर गावाच्या नावाची पाटी दोन भाषांत आहे. वर फ्रेंच, खाली ब्रेतॉन, फ्रान्सच्या या पश्चिम टोकाची जुनी भाषा. टपालकचेरीवर तसंच, पोहण्याच्या तलावावर तसंच, आणि मागच्या वर्षीपासून सांडपाण्याच्या केंद्रावरसुद्धा. म्हणजे गावच्या घाणीला तिचं मूळ नाव परत मिळालं होतं. मिळत नव्हती ती फक्त शाळेतल्या ब्रेतॉन वर्गाला दोन मुलं.

अनाइग त्या वर्गाची बाई. एप्रिलमध्ये तिला शिक्षणखात्याच्या साहेबांचा फोन आला. आवाज असा गोड, की त्या दिवशी कॉफीत साखर घालायची गरज नव्हती.

"बाई, या भाषेबद्दल आम्हाला अतोनात प्रेम आहे," साहेब म्हणाले. "पण आकडा बसत नाहीये. सप्टेंबरसाठी बाळवर्गात आणखी दोन मुलं दाखवा, वर्ग राहील. नाहीतर आहेत ती मुलं फ्रेंच वर्गात जातील आणि तुमची बदली करावी लागेल."

"आणि पाट्या?" अनाइगने विचारलं.

"कुठल्या पाट्या?"

"रस्त्यावरच्या. त्या राहतील ना?"

"पाट्यांचा विभाग वेगळा आहे, बाई."

अनाइगने फोन ठेवला आणि समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं. 'भाषा हा आपला ठेवा आहे.' खाली एका म्हातारीचा हसरा फोटो. वरून असली पोस्टरं गठ्ठ्याने यायची, कापडी पिशव्या यायच्या, पेनं यायची. म्हाताऱ्यांचे आवाज टिपून घ्यायला मायक्रोफोन घेतलेली तरुण पोरं यायची. त्या सगळ्याला खर्च करायला कोणाची ना नव्हती. आणि पोरांना शिकवायच्या वर्गाचा विषय निघाला, की आकडा बसत नव्हता. आता यावर माणसाने डोकं आपटून घ्यायचं नाही तर काय करायचं?

दोन मुलं गावात होती, नव्हती असं नाही. क्लेमांस आणि बास्तियाँ यांची जुळी, झेली आणि तिमेओ. चार वर्षांपूर्वी हे जोडपं लियोंहून आलं, टेकाडावरचं पडकं शेत घेतलं, शेळ्या पाळल्या, चीज करायला लागलं. जुळी याच गावात जन्मली आणि सप्टेंबरमध्ये बाळवर्गात जाणार होती. कुठल्या बाळवर्गात, तेवढंच ठरायचं होतं. क्लेमांस मनाची साफ बाई. पोटात एक आणि ओठात एक, असला प्रकार नाही. बाजारात चीज तोलता तोलता तिने अनाइगला सरळ विचारलं होतं.

"मला तुमची भाषा आवडते हो. पण माझी पोरं ती शिकून बोलणार कोणाशी? चार वर्षं झाली मला इथे. ब्रेतॉन मी पाट्यांवर वाचलीय. कानाने ऐकलीय ती फक्त तुमच्याच तोंडून, तीसुद्धा वर्गाच्या खिडकीतून. मेलेली भाषा पोरांच्या गळ्यात कशाला बांधू?"

अनाइग संतापली, पण क्लेमांसवर नाही. मेलेली! अहो, या गावात सत्तरी ओलांडलेलं प्रत्येक माणूस ब्रेतॉनमध्ये जेवतं, ब्रेतॉनमध्ये भांडतं आणि शिंकल्यावर देवाचं नावसुद्धा ब्रेतॉनमध्येच घेतं. दर गुरुवारी दुपारी मेयरच्या कचेरीमागच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा क्लब भरतो. डोमिनो, कॉफी, लोण्यात निथळणारा केक. बाहेर रस्त्यावर उभं राहिलं तर आतला कालवा ऐकू येतो आणि त्यात एक शब्द फ्रेंच नसतो.

फक्त अनाइगने दार उघडायची खोटी. जोब गिलू, वय ऐंशी, क्लबचा अध्यक्ष आणि डोमिनोतला पक्का लबाड, एका क्षणापूर्वी सिदोनीवर ओरडत असतो, "अगं ए भवाने, डबल सहा बुडाखाली दाबून बसलीस व्हय?" आणि अनाइग दिसली रे दिसली, की तोच जोब टोपी काढून उभा राहतो. "बोंझूर, बाई. आज हवा बरी आहे, नाही का?" स्वच्छ, इस्त्रीच्या फ्रेंचमध्ये. सिदोनी केस सारखे करते. सगळा हॉल फ्रेंच होऊन बसतो. अनाइग ब्रेतॉनमध्ये विचारते, ते फ्रेंचमध्ये उत्तर देतात. ती पुन्हा ब्रेतॉनमध्ये, ते पुन्हा फ्रेंचमध्ये. दोन्ही बाजूंना सगळं समजतं आणि तरी हे असंच चालतं. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तर ती अख्खा तास हट्टाने ब्रेतॉनमध्ये बोलत राहिली. जाताना जोबने तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "बाई, आपण फार सुंदर ब्रेतॉन बोलता." फ्रेंचमध्ये.

आणि या सगळ्यांत वरताण तिची आई, फिलोमेन.

अनाइग लहान असताना घरी गाई होत्या. फिलोमेन त्यांच्याशी ब्रेतॉनमध्ये बोलायची. लाडाने बोलायची, रागाने बोलायची, शेजारणीच्या चहाड्या त्यांना सांगायची. कोंबड्यांशी ब्रेतॉन, कुत्र्याशी ब्रेतॉन, नवऱ्याशी ब्रेतॉन. आणि लेकीकडे वळली की फ्रेंच. हात धू. अभ्यास झाला का. सरळ बस. अनाइगला तेव्हा गाईंचा हेवा वाटायचा. सांगताना हसू येतं, पण अगदी मनापासून वाटायचा. पुढे ती शहरात शिकायला गेली आणि युनिव्हर्सिटीत फी भरून, जाडजूड पुस्तकं विकत घेऊन, आपल्या आईची भाषा परक्या लोकांकडून शिकून आली. सुट्टीत घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून तिने पहिलं वाक्य बोलून दाखवलं. फिलोमेनने तिच्याकडे बघितलं, ॲप्रनला हात पुसले आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, "छान हो. बस आता, सूप निवतंय."

तेव्हापासून आजपर्यंत आईने लेकीशी एक ब्रेतॉन शब्द काढला असेल तर शपथ.

तरी आता दुसरा इलाज नव्हता. शाळेचा खुला दिवस शनिवारी होता. त्या दिवशी नवे आईबाप पोरांना घेऊन शाळा बघायला येतात. क्लेमांस येणार होती. तिला जिवंत ब्रेतॉन ऐकवायची होती ना? मग जिवंत माणसंच आणून बसवायची. वरच्या ऑफिसात तशी योजनाही होती, 'आजीआजोबांचा संभाषण तास' अशा काहीशा नावाची. अनाइग आईकडे गेली तेव्हा फिलोमेन तव्यावर काळ्या पिठाची धिरडी घालत होती.

"शनिवारी तू, जोब आणि सिदोनी शाळेत या," अनाइग म्हणाली. "तासभर बसायचं आणि ब्रेतॉनमध्ये गप्पा मारायच्या. बस्स."

"शाळेत?"

"शाळेत."

"कशाबद्दल बोलायचं?"

"कशाबद्दलही! बटाट्याबद्दल बोला. गुडघ्यांबद्दल बोला. गुरुवारी तुम्ही दुसरं काय बोलता?"

"ते गुडघे आमचे आहेत. शाळेत त्यांचं काय काम?" फिलोमेनने धिरडं उलटलं. "आणि आम्हाला कुठे धड येतं? तू शिकलेली आहेस, तू बोल की."

"आई, माझं ऐकून ऐकून लोक कंटाळलेत! त्यांना वाटतं, ही भाषा मी एकटीच घरी बसून बनवते. वर्ग बंद पडणार आहे. मला बदलीवर पाठवतील, कुठेतरी दोन तासांच्या अंतरावर. चालेल तुला?"

फिलोमेनने धिरड्यावर लोण्याचा गोळा ठेवला, घडी घातली, ताटली लेकीपुढे सरकवली, शेजारी ताकाचा वाडगा.

"येऊ," ती म्हणाली. "येऊ म्हटलं ना. ओरडू नकोस. जेव."

शनिवारी सकाळी क्लेमांस आणि बास्तियाँ वेळेवर हजर झाले. जुळी चिकटमातीच्या डब्यात कोपरापर्यंत बुडाली. अनाइग खिडकीपाशी उभी होती. गल्लीच्या टोकाला तिघं दिसली आणि त्यांचा आवाज पुढे आला. जोब मेयरबाईंच्या कुंपणाला नावं ठेवत होता, सिदोनी त्याला "गप ए थेरड्या, लोक ऐकत्यात" म्हणत होती आणि फिलोमेन चक्क खदाखदा हसत होती. ब्रेतॉन, अस्सल, मोकळी, रस्ताभर. अनाइगच्या जिवात जीव आला. तिने क्लेमांसला हाक मारली, "ऐक, ऐक, आले बघ!"

क्लेमांस खिडकीपाशी येईपर्यंत तिघं फाटकात पोचली होती.

फाटकात जोबने टोपी काढली. आवाज खाली आले. तेव्हा कुठे अनाइगने त्यांचे कपडे नीट बघितले. जोबच्या गळ्यात टाय होता. सिदोनीने अत्तर फासलं होतं. फिलोमेनने काळा कोट घातला होता, जो ती फक्त अंत्ययात्रेला घालते. तिघांनी पायपुसण्यावर बूट पुसले, पुन्हा पुसले आणि ओळीने आत आली.

"बोंझूर, बाई," जोब म्हणाला. "आपण बोलावलंत, आम्ही आलो."

अनाइगने हसून ब्रेतॉनमध्ये त्यांना बसवलं. बाळवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर तिघं गुडघे वर करून बसली, हात मांडीवर.

"जोब," अनाइग ब्रेतॉनमध्ये म्हणाली, "येताना काय सांगत होतात, ते या मंडळींनाही सांगा की."

"अर्थात, बाई." जोब उभा राहिला. घसा खाकरला, भिंतीवरच्या पोस्टरकडे एकदा बघितलं आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "मुलांनो, भाषा हा आपला ठेवा आहे. अभ्यास करा." आणि बसला.

"ब्रेतॉनमध्ये, जोब! ब्रेतॉनमध्ये!"

"हो, हो," जोब म्हणाला आणि त्याला घाम फुटला. तोंड उघडलं, मिटलं. दातखीळच बसली म्हाताऱ्याची. त्याला सावरायला सिदोनी उठली. हात पाठीमागे बांधले, नजर छताला लावली आणि फ्रान्समधल्या नद्या म्हणायला लागली. लुआर, सेन, गारोन, रोन, प्रत्येकीच्या उपनद्या, त्या कुठे उगम पावतात आणि कुठे समुद्राला मिळतात. याच खोलीत पाठ केलेल्या, एक चुकली नाही. जुळ्यांनी मातीच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. बास्तियाँनेही वाजवल्या, बिचाऱ्याला वाटलं हाच कार्यक्रम आहे.

शेवटी क्लेमांस स्वतःच फिलोमेनजवळ जाऊन उकिडवी बसली. "मादाम, तुम्ही तरी काहीतरी म्हणा ना. एखादं वाक्य."

"आमचं काही खरं नाही हो," फिलोमेन खाली बघत म्हणाली. "आमचं गोठ्यातलं. चांगलं ऐकायचं असेल तर बाईंचं ऐका. त्या शिकलेल्या आहेत."

पोटची लेक समोर उभी आणि ही तिला बाई म्हणतेय! क्लेमांस उठली, पोरांचे हात धुतले, कोट चढवले. "आम्ही विचार करतो," ती दारात म्हणाली. तिच्या आवाजात कीव होती आणि ती अनाइगला रागापेक्षा जास्त लागली.

ती मंडळी वळणाआड जाते न जाते, तोच पटांगणात अनाइगचा बांध फुटला. ओरडली ती ब्रेतॉनमध्ये.

"आई, तुला लाज कशी नाही वाटत?"

"वाटते ना," फिलोमेन फ्रेंचमध्ये म्हणाली. "तेच तर सांगतेय तुला कधीपासून."

"कसली लाज? कोणाची? आता पूर्वीसारखी शाळेत बंदी आहे का? दंड आहे का? रस्त्यावरच्या पाट्या बघ, तुझ्या भाषेत आहेत! मीच बाई आहे इथली, मी तुझ्या पाया पडतेय, बोल म्हणून!"

फिलोमेनने पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली. "पहिल्या दिवशी मी इथे आले तेव्हा मला फ्रेंच येत नव्हतं," ती म्हणाली. "मला लघवीला जायचं होतं. मी उठून बाईंना सांगितलं, जसं येत होतं तसं. त्यांना कळलं. त्या याच गावच्या होत्या, रविवारी माझ्या आईशी ब्रेतॉनमध्ये गप्पा मारायच्या. पण म्हणाल्या, मला समजलं नाही, नीट बोल. मी पुन्हा सांगितलं. म्हणाल्या, नीट बोल. मग काय व्हायचं ते झालं, सगळ्या वर्गापुढे. मी ठरवलं, माझ्या पोरीवर ही वेळ येऊ द्यायची नाही. आणि आली का? सांग, आली का तुझ्यावर? दरवर्षी पहिली यायचीस."

अनाइगचा राग जागच्या जागी होता, फक्त तो कोणावर काढायचा हे कळेना. ती म्हणाली, "मग मी आता काय करू?" आणि ते तिच्या तोंडून फ्रेंचमध्ये निघालं.

जोबने टाय सैल केला. "राग नको मानूस, पोरी," तो म्हणाला. फाटकाबाहेर एक पाय टाकल्यावर त्याला जरा धीर आला होता, फ्रेंच मात्र तेच. "तू चांगली आहेस. पण तू शाळेची बाई आहेस. तू दिसलीस की माझी जीभ आपोआप टोपी काढते. मी नाही काढत, तीच काढते."

रविवारी दुपारी अनाइग आईची माफी मागायला निघाली. माफी कशाची, हे तिलाही नक्की माहीत नव्हतं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. घराच्या वळणावर हायड्रेंजियाच्या झुडपांपाशी पोचली आणि थबकली. परसात फिलोमेन बोलत होती. घडाघडा, ब्रेतॉनमध्ये.

"बघितलंस? लई शिकली. आईला विचारती, लाज न्हाई वाटत का. आता मी कुणाला सांगू? बापावर गेलीय, डोकं फिरलं की फिरलं. जेवली न्हाई कालपास्नं, मला ठावं हाय. तोंड बघितलंस का तिचं, कसं उतरलंय?"

कुत्रं भुंकलं.

"तू तिची बाजू घेऊ नगंस," फिलोमेन म्हणाली.

अनाइग झुडपाआड उभी राहिली. हसू आलं, मग डोळे भरून आले, मग पुन्हा संताप आला. तिची आई तिची काळजी ज्या भाषेत करत होती, ती कुत्र्याच्या वाट्याला येत होती. पुढे पाऊल टाकलं असतं तर सगळं बंद पडलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती हलली नाही. आणि तिथे उभ्या उभ्या तिच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसांपुढे यांच्या तोंडाला कुलूप. जनावरांपुढे कुठे आहे?

ती आईला न भेटताच वळली आणि तडक टेकाडावर क्लेमांसच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली.

"तुझ्याकडे बाटलीने दूध पिणारं करडू आहे का?"

क्लेमांसने दुधाची बादली खाली ठेवली. "आहे एक. आईने टाकलंय त्याला. का हो?"

"गुरुवारी क्लबात चीज विकायला जा. करडू घेऊन जा, पोरांना घेऊन जा. त्याची दूध प्यायची वेळ तिथेच होऊ दे. भाषेबद्दल चकार शब्द काढू नकोस. माझं नाव तर मुळीच नको."

"तुम्ही येणार नाही?"

"मी आले तर सगळंच मुसळ केरात," अनाइग म्हणाली. "एवढं एकदाच कर. मग नाही म्हणालीस तरी मी तोंड वाकडं करणार नाही."

क्लेमांसला ही बाई कामातून गेली असं वाटलं असणार. पण करड्याला बाहेर फिरवायचं म्हटल्यावर जुळी नाचायला लागली आणि मग तिचा नाइलाज झाला.

गुरुवारी बारीक पाऊस पडत होता. हॉलच्या मागच्या बाजूला, जिथे कचऱ्याचे डबे ठेवतात तिथे एक खिडकी आहे, वरची झडप कायम उघडी. अनाइग कोटाची टोपी डोक्यावर ओढून तिच्याखाली उभी राहिली. शाळेची बाई, कचऱ्याच्या डब्यांत, चोरासारखी! कोणी बघितलं असतं तर गावाला महिनाभर विषय झाला असता.

आत डोमिनोचा कडकडाट चालला होता. दार वाजलं आणि जोबचा आवाज आला, "बोंझूर, मादाम. या, या." फ्रेंच. चीजची चौकशी फ्रेंच. "काय गोड मुलं आहेत," फ्रेंच. अनाइगने डोळे मिटून घेतले. संपलं, ती मनात म्हणाली, घ्या आता बदली.

मग करडू बें बें करून ओरडलं.

"अगं माझे बाई!" सिदोनी ओरडली, ब्रेतॉनमध्ये. "किती वाळलंय गं हे! ये, ये माझ्या राजा, हिकडं ये."

"हाडं दिसत्यात की," जोब म्हणाला. "ए, कान चावू नगंस, माझाच हाय तो."

"सरका, तुमास्नी काय कळतंय?" हा आवाज फिलोमेनचा. "अशी धरत्यात का बाटली? मान वर घे, हां, अशी. पी, सोन्या, पी. कुणी न्हाई घेत तुझं. सावकाश, सावकाश, ठसका लागंल."

सगळा हॉल करड्याभोवती जमला. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं आणि सगळं करड्यालाच सांगायचं होतं. मग झेलीचा बारीक आवाज आला, फ्रेंचमध्ये. "आजी, मी पण सांगते त्याला. पी, पी!"

"त्याला फ्रेंच नाही कळत," फिलोमेन अगदी गंभीरपणे म्हणाली. "असं म्हण." आणि तिने ब्रेतॉनमध्ये सांगितलं.

झेलीने म्हटलं. "जरा जोरात," फिलोमेन म्हणाली. झेलीने जोरात म्हटलं. तिमेओने त्याहून जोरात म्हटलं. करडू प्यायलं. म्हाताऱ्यांनी टेबलं बडवली. जोबने तिमेओला करड्याला हाकलायची शिवी शिकवली, सिदोनीने जोबला चापटी मारली, आणि बघता बघता मधलं फ्रेंच गळून पडलं. पोरं कोण आणि करडू कोण, हा हिशेबच कोणी ठेवीना. अनाइगने खिडकीच्या कडेवर बोटं टेकवली आणि टाचा उंच केल्या. आत तिची आई खुर्चीत मागे सरकून मांडी थोपटत होती.

"ये गं पोरी, हितं बस. मांडीवर बस. पाय गार पडलं व्हय तुझं? आण हिकडं."

झेली चढून बसली. फिलोमेनने तिचे दोन्ही पाय तळव्यांत धरले आणि चोळायला लागली, चोळताना काहीबाही बोलत राहिली. त्यातलं निम्मं अनाइगला युनिव्हर्सिटीत कोणी शिकवलं नव्हतं. तिला आनंद झाला, वर्ग वाचला म्हणून झाला, आणि त्याच क्षणी एका तीन वर्षांच्या पोरीचा तिला असा मत्सर वाटला, की तिची तिलाच शरम वाटली. पाऊस मानेवरून आत उतरत होता, तरी तिथून हलावंसं वाटेना.

क्लेमांस रिकामा खोका घेऊन मागच्या दाराने बाहेर आली. अनाइगला तिथे बघून आधी दचकली, मग हसली.

"चार वर्षं मला कोणी सांगितलं नाही, की हे आत असं बोलतात!" ती म्हणाली. "तिमेओ काहीतरी शिकलाय. ते भयंकर आहे, बरोबर ना?"

"अतिशय."

"घाला दोघांची नावं," क्लेमांस म्हणाली. "उद्याच सही करते. आणि अहो, आत चला ना, भिजताय काय अशा?"

आत जाऊ नये, हे अनाइगला कळत होतं. पण आनंदात माणसाचं डोकं कुठे ठिकाणावर असतं? आता काय बिघडणार आहे, ती मनात म्हणाली, आता तर सगळे मोकळे झालेत. तिने दार ढकललं आणि ओल्या कोटानिशी आत शिरली.

डोमिनो थांबले. जोबचा हात टोपीकडे गेला.

तेवढ्यात झेली फिलोमेनच्या मांडीवरून घसरली आणि धावत आली. अनाइगचा कोट धरून, मान वर करून, एका दमात जेवढं आलं तेवढं सगळं बोलून मोकळी झाली, ब्रेतॉनमध्ये. "ये गं पोरी! हितं बस! पी, सोन्या, पी!"

फिलोमेनचेच शब्द, फिलोमेनचाच हेल. या हॉलमध्ये अनाइगशी आजवर कोणीही ब्रेतॉनमध्ये बोललं नव्हतं. ती खाली वाकली, उत्तर द्यायला तोंड उघडलं.

पण तोवर फिलोमेन लगबगीने उठली होती. तिने झेलीचा दंड धरून तिला हळूच मागे घेतलं आणि तिच्या झग्यावरची धूळ झटकली.

"असं नाही बोलायचं, बाळ," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. मायेने म्हणाली, अगदी तिच्या भल्यासाठी. "त्या शाळेच्या बाई आहेत. पुढे तुला त्यांच्या शाळेत जायचंय ना? मग बाईंशी नीट बोलायचं. काय म्हणायचं?"

झेलीने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग हात मागे बांधले आणि सरळ उभी राहिली.

"बोंझूर, बाई."

"शाब्बास," फिलोमेन म्हणाली आणि लेकीकडे बघून अभिमानाने हसली.

सगळा क्लब वाट बघत होता. अनाइगला ओरडायचं होतं, आईला धरून गदागदा हलवायचं होतं, त्या पोरीला उचलून घेऊन तिच्या कानात तिचेच शब्द परत सांगायचे होते. ते सगळे शब्द तिच्याकडे होते, ओळीने, पाठ.

"बोंझूर, झेली," ती फ्रेंचमध्ये म्हणाली.